गाडी ८० ला लॉक आहे, टायमिंग कोण लॉक करणार?

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले ट्रान्सपोर्ट मालक, बाजार समित्यांमधले व्यापारी आणि सातपूर, अंबड, सिन्नरचे कारखानदार,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एक पोरगा आमच्या ऑफिसात आला. चोवीस-पंचवीसचा असेल, निफाडकडचा, आयशर ट्रक चालवतो. पाणी प्यायला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, ओळखीचा कुणी वायरमन आहे का? लॉक काढायचंय."

मी विचारलं, कुणी सांगितलं काढायला?

"शेठ म्हणतात, इंदूरला दोनदा लेट झालास. तिसऱ्यांदा झालास तर दुसरा ड्रायव्हर बघतो. आता गाडी ८० च्या वर जातच नाही, तर मी काय करू?"

त्याला चहा पाजला, वायरमनचा नंबर काही दिला नाही. पण 'मी काय करू' याचं उत्तरही मला देता आलं नाही. ते उत्तर माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

मी एकोणीस वर्षं गाडी चालवली. आधी दहा टायरचा ट्रक, नंतर आयशर. कांदा, द्राक्ष, टोमॅटो, अंबडच्या कारखान्यांचा माल, सगळं ओढलं. मणक्यात गॅप पडला, डॉक्टरांनी स्टेअरिंग सोडायला लावलं, तेव्हापासून आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ एका बुकिंग ऑफिसात बसतो. ज्या बिल्टीवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदावर, एवढी वर्षं मी सही करत होतो, ती आता मीच लिहितो. पार्टी फोनवर सांगते, 'पहाटे चारला माल मंडीत पाहिजे', आणि मी मुकाट्यानं 'पहाटे ४' लिहितो. किती वेळा लिहिलं असेल, मोजलं नाही. त्यामुळे हे पत्र जेवढं तुम्हाला आहे तेवढंच मलाही लागू आहे.

ज्यांचा गाडीशी रोज संबंध येत नाही त्यांना आधी लॉक म्हणजे काय ते सांगतो. केंद्र सरकारनं एप्रिल २०१५ मध्ये नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू गाड्या कंपनीतूनच वेग बांधून यायला लागल्या. ट्रकला ताशी ८० किलोमीटर; टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६०. कागदावर त्याला स्पीड गव्हर्नर म्हणतात, लाईनवर सगळे 'लॉक' म्हणतात. गिअरबॉक्सजवळ एक सेन्सर असतो. तो फिरणं मोजतो, आणि काटा ८० ला टेकला की इंजिनाला जाणारं डिझेल तेवढ्यापुरतं कमी होतं. पेडल पार तळाला दाबा, गाडी जोर धरत नाही. ब्रेक लागत नाही, धक्का बसत नाही, नुसती तेवढ्यावरच राहते.

लॉक नको, असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला म्हणायचो. पण दहा टायरची भरलेली गाडी म्हणजे साडेअठ्ठावीस टन. एवढं वजन ६० वरून ८० ला गेलं की धडकेचा जोर पावणेदोनपट होतो, आणि ८० वरून ९५ ला गेलं की आणखी चाळीस टक्क्यांनी वाढतो. हे गणित माझ्या मुलीनं दहावीच्या पुस्तकातून मला करून दाखवलं, पण त्याआधी ते मी रस्त्यावर पाहिलेलं होतं. पुढच्या गाडीत घुसलेली केबिन एकदा पाहिली की माणूस लॉकच्या विरोधात बोलत नाही. शिवाय मालकाचं डिझेल वाचतं, टायर जास्त चालतं. लॉक चांगलंच आहे.

पण लॉक बसल्यावर ड्रायव्हरच्या दिवसाचं काय झालं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. ते आज सांगतो.

पहिली गोष्ट ओव्हरटेकची. तुमच्यातले बरेच जण कारनं मुंबईला जातात. दोन ट्रक शेजारी शेजारी चालतात, दोन्ही लेन अडवतात, मागं हॉर्न वाजत राहतात आणि तुम्हाला राग येतो. आत काय चाललेलं असतं ते ऐका. दोन्ही गाड्या ८० ला लॉक. पण एकीची टायरं नवी आणि दुसरीची झिजलेली किंवा रिमोल्ड केलेली असतील, तर रस्त्यावरचा खरा वेग सारखा नसतो, कारण सेन्सर फिरणं मोजतो, अंतर मोजत नाही. त्यात पुढचीला थोडा चढ लागला की ती ७५ वर येते. मागच्यानं साइड काढली. आता फरक फक्त ताशी पाच किलोमीटरचा. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढंमागं सोडायचं अंतर धरलं तर साठेक मीटर कापायचे असतात. त्याला पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढ्यात जवळजवळ एक किलोमीटर रस्ता मागं पडतो. मध्येच पुढच्याची गाडी सपाटीला लागली, त्यानंही ८० धरलं, की दोघं तसेच अडकून राहतात. पूर्वी अशा वेळी जरा पेडल दाबून पुढं निघून जाता यायचं. आता निघता येत नाही आणि मागंही पडता येत नाही, कारण मागं डिप्पर मारणाऱ्यांची रांग लागलेली असते.

हे चौपदरीवर. निफाड-येवला किंवा वणी-सापुतारा रस्त्यावर ओव्हरटेकचा अंदाज चुकला तर काय होतं ते लिहीत नाही.

पानेवाडीहून निघणाऱ्या टँकरवाल्यांची अडचण उलटी. मनमाडजवळच्या त्या डेपोंतून उत्तर महाराष्ट्राला पेट्रोल-डिझेल जातं. टँकर ६० ला लॉक, आणि हायवेवर मागून येणारी कार शंभरच्या वर. रात्री मागून येणाऱ्याला वाटतं पुढचा दिवा लांब आहे, आणि क्षणात तो अंगावर येतो. आमचा एक दोस्त तिथं टँकर चालवतो. तो म्हणतो, "मी समोर कमी आणि आरशात जास्त बघतो." सहा-सात तास आरशात बघत, पाठीमागं हजारो लिटर पेट्रोल घेऊन. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या कलमावरून याच लोकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि ते सगळ्यांना आठवले. महिनाभरानं परत विसरले.

दुसरी गोष्ट पैशाची. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरला ट्रिपवर पैसे मिळतात. पगार थोडा, त्यावर ट्रिपचा भत्ता आणि खुराकी. घर चालतं ते ट्रिपवर. ज्या लाईनला माझ्या महिन्याला आठ फेऱ्या व्हायच्या, तिथं लॉकवाल्या गाडीवर सात व्हायला लागल्या. एक फेरी गेली, तिचा भत्ता गेला. वाचलेलं डिझेल मात्र मालकाच्या हिशेबात जमा झालं. शेठशी भांडण नको म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो.

आता इंदूरचं टायमिंग. त्या पोरासाठी हे जरा सविस्तर मांडतो, कारण सगळा घोळ यातच आहे.

पिंपळगाव बसवंतहून इंदूर पावणेचारशे किलोमीटरच्या पुढं. टोमॅटोच्या सीझनला गाडी दुपारी बारालाच बोलावून घेतात. लिलाव दुपारनंतर सुरू होतात. मग माल निवडणं, क्रेट भरणं, हमालांची वाट बघणं, वाराईवरून, म्हणजे माल चढवायच्या हमालीवरून, घासाघीस, वजनकाट्यावर रांग. गाडी भरून दोरी आवळून बाहेर पडते तेव्हा रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात. टायमिंग पहाटे चारचं. म्हणजे सहा तास. सहा तासांत ३८० किलोमीटर, सरासरी ६३ चा वेग. गाडी ८० ला लॉक आहे म्हणून ६३ ची सरासरी सोपी वाटते ना? मध्ये राहुड घाट आहे, धुळ्याची गर्दी आहे, शिरपूरच्या पुढं सेंधव्याचा बिजासन घाट आहे, मानपूरच्या अलीकडं गणपती घाट आहे. भरलेली आयशर हे दोन घाट २०-२५ नं चढते. शिवाय टोलनाके, आणि एकदा तरी लघवीला थांबायचं. एक कप चहा धरलाच नाही. माझ्या सगळ्या वर्षांत लॉकवाल्या गाडीनं, नियम पाळून, हे अंतर मी सहा तासांत कधी कापलेलं नाही. साडेआठ-नऊ तास लागतात.

आता यात लॉकमुळे नेमके किती मिनिटं जातात ते बघा. मोकळा, सपाट, गाडी पळवण्यासारखा रस्ता फार तर २०० किलोमीटर. तो ८० नं कापला तर दीडशे मिनिटं, ९५ नं कापला तर एकशे सव्वीस. फरक चोवीस मिनिटांचा. त्या चोवीस मिनिटांसाठी तो पोरगा वायर तोडायला निघाला होता. आणि दुपारी बारा ते रात्री दहा, दहा तास जे गाडी तुमच्या गेटवर उभी होती, त्यातला एक तासही कुणी कमी करायला तयार नाही.

मला हेच सांगायचं आहे. आमच्या गाडीला लॉक लावलंत, फार बरं केलंत. पण टायमिंग मोकळं सोडलंत. टायमिंग मोकळं आणि चाक बांधलेलं, तर मधली तूट कुठून भरून निघणार? ती ड्रायव्हरच्या झोपेतून भरली जाते. दुसरीकडं काढायला जागाच नाही.

आणि उतारावरून काढतात. हे मालकांना माहीत असतं, पण बोलत कुणी नाही. लॉक डिझेल तोडतं, ब्रेक मारत नाही. उतारावर गाडी स्वतःच्या वजनानं पळते, तिथं लॉकचं काही चालत नाही. म्हणून उशीर झालेला ड्रायव्हर घाटात न्यूट्रल मारतो, म्हणजे गिअर काढून गाडी सोडतो. डिझेलही वाचतं आणि काटा ९५-१०० ला जातो. ज्या गाडीला सपाटीवर पळू दिलं नाही तीच गाडी सगळ्यात वाईट जागी सगळ्यात जास्त पळते, आणि तेही इंजिनाची अडवण न ठेवता.

मी हे केलेलं आहे. शेठनं पहिली लॉकवाली गाडी घेतली त्या वर्षाची गोष्ट. दोन दिवसांत मिळून तीनेक तास झोपलो असेन. पिंपळगावला गाडी भरायलाच रात्रीचे अकरा झाले आणि टायमिंग तेच, चारचं. चांदवड मागं टाकलं, राहुड घाटाच्या तोंडाशी आलो आणि न्यूट्रल मारला. अर्ध्या घाटात पुढं एक ट्रेलर रांगत चाललेला दिसला. ब्रेक दाबला, गाडी धरली नाही. परत दाबला, धरली पण अर्धवट. ब्रेकच्या हवेच्या काट्याकडं पाहिलं तर काटा खाली चाललेला. गिअर टाकायला गेलो, पण एवढ्या वेगात गिअर पडतोय कुठं? हँडब्रेक थोडा थोडा ओढत, डाव्या अंगाला घासत घासत खाली आलो. ट्रेलरच्या मागच्या लाल पट्ट्या अजून डोळ्यासमोर आहेत.

घाट उतरून गाडी बाजूला घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रमातून धूर येत होता. लायनर जळल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे, जिभेवर बसतो तो. तापलेल्या ड्रमावर पाणी ओतायचं नसतं, तडकतो, म्हणून नुसता पायरीवर बसून राहिलो. क्रेटमधल्या फुटलेल्या टोमॅटोचं पाणी फळीतून टिपटिप गळत होतं. हात एवढे कापत होते की काडी पेटवता येईना. तेवढ्यात फोन वाजला. जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली होती.

"गाडी का थांबली?"

"हवा चेक करतोय," म्हणालो.

"चेक करून निघ लवकर. बाजार निघून जाईल."

फोन करणारा वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलीच्या शाळेची फी एकदा त्यानंच भरली होती. त्यालाही वर व्यापाऱ्याचा फोन येत होता, आणि व्यापाऱ्याला इंदूरहून. या साखळीत प्रत्येक जण आपल्या वरच्याची घाई खालच्याला देतो. ड्रायव्हरच्या खाली फक्त रस्ता असतो.

तुम्ही म्हणाल, टोमॅटो थांबत नाही. खरं आहे. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, मला हे शिकवू नका. भाव पहाटे फुटतो, सातला पोहोचलेल्या मालाला चारचा दर मिळत नाही, आणि त्या फरकात शेतकऱ्याचंही नुकसान असतं. पण मग सकाळी तोडलेला माल आधी भरा. ज्या गाडीला लांब जायचं तिला काट्यावर आधी घ्या. नाहीतर गाडीवर दोन ड्रायव्हर द्या. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत असा नियम होता, तो २०१८ मध्ये काढून टाकला. भाड्यात परवडत नाही म्हणून क्लीनर तर त्याआधीच गेला होता. आता रात्री दोनला डोळा लागतोय असं वाटलं तर बोलायलाही केबिनमध्ये कुणी नसतं.

आणि कारखानदारांचा माल तर नासत नाही. अंबडहून निघालेल्या पार्टनं 'उद्या सकाळी आठला लाईनवर' हजर असावं म्हणून ड्रायव्हरनं रात्र जागायची, आणि आठला पोहोचल्यावर गेटवरचा माणूस सांगणार, 'नंबर लागेल, संध्याकाळपर्यंत थांब.' हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा भोगलं आहे. संध्याकाळपर्यंत थांबवायचं होतं तर रात्रभर का पळवलं? तिथं झोपायला जागा नसते, सावली नसते, संडासाला बाहेर जाऊ देत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ते उत्तम झालं. पण रस्त्यावर ज्या गाड्या आहेत त्यांतल्या बहुतेक जुन्या, आणि मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीच्या केबिनमध्ये झोप कशी लागते ते एकदा येऊन बघा.

सरकार एका ठिकाणी टायमिंग बरोबर धरतं, हे मला बुकिंगला बसल्यावर कळलं. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, तुम्ही सगळेच काढता. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. १ जानेवारी २०२१ च्या आधी तर १०० किलोमीटरला एक दिवस होती. म्हणजे पिंपळगाव ते इंदूर मालाला कागदोपत्री दोन दिवस मिळतात. ज्या टेबलावर दोन दिवसांची मुदत असलेला कागद छापला जातो, त्याच टेबलावर मी हातानं 'पहाटे ४' लिहितो.

कामाच्या तासांचंही तेच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी, हे सगळं लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. एकोणीस वर्षांत मला एकाही माणसानं विचारलं नाही की तू आज किती तास चालवलीस. गाडी किती वेळ थांबली हे मात्र दर दहा मिनिटाला विचारलं. यंत्र तेच आहे. त्याच जीपीएसवर गाडी सलग किती तास चालतेय हेही दिसतं. बघायचं ठरवलं तर दिसतं.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिकमध्ये कुणी विसरलेलं नसेल. नांदूर नाक्याजवळ खासगी बस आणि ट्रकची धडक झाली, बस पेटली, माणसं आत होरपळून गेली. ते कशामुळे झालं हा तपासाचा भाग, मी त्यावर बोलायचा अधिकारी नाही. मी फक्त वेळ सांगतो. पहाटेचे पाच. रात्रभर चालवणाऱ्या माणसाला विचारा, तीन ते सहा या वेळात अंग कसं होतं. डोळे उघडे असतात आणि दिसत काही नाही. दोन-तीन किलोमीटर रस्ता मागं गेलेला असतो आणि तो कधी गेला ते आठवत नाही. नेमक्या त्याच वेळेचं टायमिंग आपण सगळ्यांना देतो.

आता कायद्याची एक गोष्ट. ती वाचली तेव्हा माझी मला लाज वाटली आणि मग हे पत्र लिहायचं ठरवलं.

मोटार वाहन कायदा १९८८. त्याचं कलम १८३ वेगमर्यादा मोडण्याच्या शिक्षेचं आहे. ड्रायव्हरला ते तोंडपाठ असतं, कारण दुसऱ्यांदा सापडला की लायसन्स जातं. पण ते कलम तिथं थांबत नाही. आपल्या नोकराला किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला जो जास्त वेगानं गाडी चालवायला लावतो, त्यालाही त्यात शिक्षा आहे. आणि चौथं पोटकलम आणखी पुढं जातं. एखादा प्रवास अमुक इतक्या वेळात पुरा करा असं वेळापत्रक कुणी काढलं किंवा तशी सूचना दिली, आणि वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात तो प्रवास होण्यासारखा नाही असं कोर्टाला वाटलं, तर ती सूचनाच देणाऱ्याच्या विरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते.

परत वाचा. 'पहाटे चारला माल मंडीत पाहिजे' ही सूचना. व्हॉट्सॲपवर आलेली, बिल्टीवर लिहिलेली. पुरावा म्हणून तीच पुरे. हा कायदा लॉकच्या कितीतरी आधीचा आहे. ड्रायव्हर वेग मोडतो तेव्हा त्याच्या मागं कुणाचा तरी हुकूम असतो, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही कळलं होतं. आपण ते पोटकलम कधी उघडलं नाही एवढंच.

म्हणून नाशिकच्या आरटीओला आणि महामार्ग पोलिसांना या पत्रातून एक विनंती. आमच्या गाडीचं पासिंग करताना तुम्ही लॉकचं सर्टिफिकेट मागता, सील तपासता. जरूर तपासा. वायर तोडलेली सापडली तर सोडू नका. पण त्याच वेळी ड्रायव्हरला एवढंच विचारा की पोहोचायची वेळ कुणी दिली होती, आणि तो मेसेज बघा. अपघाताच्या जबाबात निघाल्याची वेळ, दिलेलं टायमिंग आणि शेवटची झोप, या तीन गोष्टी लिहून घ्या. आजवर माझ्या ओळखीतल्या कितीतरी ड्रायव्हरांचे जबाब झाले. 'भरधाव वेगात, निष्काळजीपणे' हे शब्द प्रत्येकात असतात. टायमिंग एकातही नसतं.

आणि शेठ लोकहो, तुमच्याकडं हात जोडून मागणं. ट्रिपवरचा भत्ता दिवसावर आणा, म्हणजे लॉकमुळे एक फेरी कमी झाली तरी त्याच्या घरात एक किलो तेल कमी येणार नाही. डिझेलची बचत झाली तर त्यातलं काही त्यालाही द्या, गाडीचा ॲव्हरेज त्याच्याच पायावर असतो. उशिराचं भाडं कापता तर गेटवर उभं केल्याचं हॉल्टिंगही द्या, आणि ते ड्रायव्हरच्या हातात द्या, मालकाच्या खात्यात नको. माल भरायला वेळ लागला तर तेवढाच वेळ टायमिंगमध्ये पुढं ढकला. यात दया मागत नाही. ८० च्या गाडीला ८० चा हिशेब लावा, एवढंच मागतो. घाट असेल तर घाटाचा.

काही जण म्हणतील की एका पार्टीनं टायमिंग सोडलं तर धंदा दुसऱ्याकडं जाईल. ही भीती खरी आहे, म्हणून तर पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं. पिंपळगाव आणि लासलगावचे व्यापारी एकत्र बसून लिलावाची वेळ ठरवू शकतात, बंद पुकारू शकतात, तर इंदूर, सुरत, वाशीला गाडीनं किती तासांत पोहोचायचं हेही ठरवू शकतात.

मी माझ्यापुरतं या महिन्यापासून एक सुरू केलं आहे. आमच्या ऑफिसातून सुटणाऱ्या प्रत्येक बिल्टीवर आता तीन गोष्टी लिहितो: गाडी भरायला लागली कधी, भरून सुटली कधी, आणि सुटल्यापासून किती तासांनी पोहोचेल. तिसरा आकडा मी स्वतः काढतो, पार्टीच्या फोनवरून नाही. दोन पार्ट्यांनी बुकिंग बंद केलं. आणखी एकानं फोन करून विचारलं की नऊ तास कसे काय लागतात, त्याला घाटासकट हिशेब सांगितला, त्यानं ऐकून घेतलं आणि गाडी नऊ तासांवर सोडली. त्या गाडीवर तो निफाडचा पोरगाच होता. सकाळी सातला त्याचा फोन आला, खाली करतोय म्हणाला. वाटेत शिरपूरला तास-सव्वातास झोपलो, हेही म्हणाला, आणि ते जरा घाबरतच म्हणाला.

तुमच्या गेटवर गाडी किती वाजता लागली, ती वेळ बिल्टीवर लिहून खाली शिक्का मारायला सुरुवात करा. पहिली गाडी उद्या दुपारी बाराला येईलच.

आपला नम्र,
एक जुना ड्रायव्हर
आडगाव, नाशिक